'होता' आणि 'यूस्ट टू' : भूत-वर्तमानातील विरोधाची इंग्रजी आणि मराठी मांडणी

'आमच्याकडे गाय होती.' पदव्युत्तर वर्गात भाषांतरासाठी हे तीन शब्दांचे वाक्य दिले, तर इंग्रजीत त्याची दोन उत्तरे येतात : 'वुई हॅड अ काउ' आणि 'वुई यूस्ट टू हॅव अ काउ'. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. पहिल्या वाक्यात भूतकाळातील एका स्थितीचे विधान आहे. दुसऱ्यात त्या विधानाबरोबर 'आता ती नाही' हेही सांगितले जाते. मूळ मराठी वाक्यात हा दुसरा अर्थ आहे की नाही, हा प्रश्न विचारला की वर्गात दोन तट पडतात. 'होती म्हणजेच आता नाही' असे काही म्हणतात. 'ते आपण आपल्या पदरचे घालतो' असे बाकीचे म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि त्याचा उलगडा करण्यासाठी दोन्ही भाषांच्या काळव्यवस्थेत शिरावे लागते. तुलनात्मक व्याकरणापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. आत्मचरित्र, आठवणी आणि ग्रामजीवनाच्या कादंबऱ्या हे मराठी गद्याचे सर्वांत समृद्ध प्रांत. त्यांचा सगळा डोलारा 'पूर्वी असे होते, आता नाही' या एका विरोधावर उभा असतो. तो विरोध भाषांतरात कोणत्या रूपाने न्यावयाचा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

प्रथम साध्या भूतकाळाकडे पाहू. 'शी वॉज इल' या वाक्यात ती आता बरी आहे असे विधान नाही. 'ती काल आजारी होती आणि आजही आहे' असे दोन्ही भाषांत विनाविसंगती म्हणता येते. तरीही नुसते 'ती आजारी होती' ऐकले की ऐकणारा ती बरी झाली असे धरून चालतो. याचे स्पष्टीकरण एच. पी. ग्राइस यांच्या संभाषणविषयक विवेचनात मिळते. हार्वर्डमधील १९६७ च्या व्याख्यानांतून पुढे आलेला आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. बोलणारा प्रसंगाला पुरेल इतकी माहिती देईल, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. आजार अजून असता तर वक्त्याने 'आहे' म्हटले असते. ते म्हटले नाही, त्या अर्थी तो संपला असावा. ही समाप्ती शब्दाच्या अर्थात नाही, ती सूचित आहे, आणि सूचित असल्यामुळेच पुढच्या उपवाक्याने ती मागे घेता येते.

या सूचनेचा एक परिणाम जरा गमतीचा, पण भाषांतरकाराने ध्यानात ठेवावा असा आहे. जी गोष्ट माणसाला जन्मभर चिकटलेली असते, तिच्याबद्दल भूतकाळ वापरला की तो माणूसच गेला असे ध्वनित होते. 'हिज आइज वेअर ब्लू' हे वाक्य सुटे ऐकले तर इंग्रज ऐकणारा 'कधी वारले?' असे विचारील. रेनाटे मुसान यांनी १९९७ च्या एका लेखात या परिणामाची सविस्तर मीमांसा केली आहे. मराठीतही 'ते मूळचे साताऱ्याचे होते' याचा परिणाम तोच. मात्र 'काल गाडीत एक गृहस्थ भेटले, ते साताऱ्याचे होते' या वाक्यात कोणाचाही मृत्यू नाही. तेथे 'होते' हे रूप त्या माणसाच्या आयुष्याशी बांधलेले नसून कालच्या भेटीच्या कथनाशी बांधलेले आहे. येथवर दोन्ही भाषा जवळजवळ हातात हात घालून चालतात. त्यांच्या वाटा वेगळ्या होतात त्या पुढे.

इंग्रजीतील 'यूस्ट टू' हे रूप इतिहासाच्या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचच्या मार्गाने आलेल्या 'यूज' या धातूला मध्ययुगीन इंग्रजीत 'वापरणे' याबरोबर 'प्रघात असणे, सवय असणे' असाही अर्थ होता, आणि त्या अर्थाने तो वर्तमानकाळीही चालत असे. सतराव्या शतकातील साहित्यातही त्याची वर्तमानकाळी रूपे भेटतात. पुढे ती लोपली आणि फक्त भूतकाळी रूप उरले. उच्चारही फुटून निघाला. 'वापरले' या अर्थी 'यूज्ड', 'असे, करीत असे' या अर्थी 'यूस्ट'. ज्या क्रियापदाला वर्तमानकाळच नाही, ते भूत आणि वर्तमान यांतील तुटलेपणाचे चिन्ह होऊन बसावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे. प्रश्नार्थक व नकारार्थी रूपांत हे रूप अजूनही नीट बसलेले नाही आणि इंग्रजांमध्येच त्याच्या लेखनाविषयी मतभेद आहेत. पण तो विषय आपला नव्हे. 'सवय झालेला असणे' या अर्थाचे 'बी यूस्ट टू' हेही वेगळे प्रकरण आहे. त्याच्यामागून नाम किंवा नामसदृश रूप येते, एवढे विद्यार्थ्याला सांगितले की पुरते.

'यूस्ट टू'मध्ये समाप्तीचा अर्थ कितपत पक्का आहे? बर्नार्ड कॉमरी यांनी 'आस्पेक्ट' (१९७६) या ग्रंथात असे दाखविले की, येथेही समाप्ती हा शब्दार्थाचा अविभाज्य भाग नाही, कारण 'पूर्वी असे होते आणि आजही आहे' अशी पुस्ती जोडता येते. तत्त्वतः हे मान्य करावे लागते. परंतु साध्या भूतकाळातील सूचना आणि ही सूचना यांच्या बळात फार अंतर आहे. 'ही लिव्ड इन पूना' या वाक्याला 'अजून राहतो' जोडताना काही खटकत नाही. 'ही यूस्ट टू लिव्ह इन पूना' म्हणून लगेच 'अजून राहतो' म्हटले, तर वक्ता स्वतःचे बोलणे दुरुस्त करतो आहे असे वाटते. व्याकरणाने दार बंद केले नसेल. पण वहिवाटीने ते इतके ओढून घेतले आहे की ढकलल्याशिवाय उघडत नाही.

या रूपाच्या दोन मर्यादा आहेत. एकदाच घडलेल्या घटनेला ते लागत नाही. आणि ज्या स्थितीची मुदत किंवा आवृत्तींची संख्या मोजून दिली आहे, तिलाही लागत नाही. 'मी तेथे पाच वर्षे राहिलो' याला इंग्रजीत साधा भूतकाळच हवा. मोजमाप झाले म्हणजे तो काळ बाहेरून पाहिलेला, बंद झालेला तुकडा होतो. 'यूस्ट टू' तो आतून, अमर्याद पसरलेला दाखविते. या मर्यादांच्या आत मात्र सवय आणि स्थिती असा भेद ते करीत नाही. रोज तालमीत जाणे आणि कोपऱ्यावर वडाचे झाड असणे, दोन्हींना ते सारखेच चालते. हा भेद 'वुड' करते. 'वुड' फक्त कृतींना लागते, स्थितीला नाही. आणि त्याआधी काळाची चौकट उभी करून द्यावी लागते. म्हणूनच इंग्रजी आठवणींत पहिले वाक्य 'यूस्ट टू'चे आणि पुढची चार-सहा वाक्ये 'वुड'ची, अशी रचना वारंवार दिसते. 'यूस्ट टू' भूतकाळाला वर्तमानापासून तोडून देते. मग 'वुड' त्या तोडलेल्या काळात निर्वेधपणे फिरते. वर्तमानाशी विरोध दाखविण्याचे काम त्याच्याकडे नसते.

मराठीत रीतिभूतकाळाची तीन रूपे आज आपल्यासमोर आहेत : 'जाई', 'जात असे' आणि 'जायचा'. शालेय व्याकरणात ही तिन्ही एका खणात घातली जातात. माझ्या मते हे सोयीचे असले तरी अर्थदृष्ट्या बरोबर नाही. 'जाई, येई, करी' ही रूपे बोलण्यातून गेली आहेत. लेखनात ती कथनाच्या ओघासाठी येतात आणि त्यांचे वर्तन इंग्रजी 'वुड'सारखे आहे. चौकट आधी असावी लागते आणि विरोधावर भर नसतो. 'जात असे' हे भारदस्त, काहीसे तटस्थ रूप आहे. 'जायचा' हे जिवंत रूप. आणि विरोधाचा खरा दाब त्याच्यावर आहे. 'ती इथे राहायची' असे कोणी म्हटले की 'मग आता कुठे असते?' हा प्रश्न आपसूक येतो. 'ती इथे राहत असे' यावर तो प्रश्न इतक्या तातडीने येत नाही.

पण 'जायचा' म्हणजे 'यूस्ट टू' असे समीकरण मांडू लागलो तर लगेच अडथळा येतो, आणि तो 'असणे' या क्रियापदापाशी. 'दारात पिंपळ होता' हे मराठी. 'दारात पिंपळ असायचा' हे मराठी कानाला विचित्र लागते. झाड काही सकाळी येऊन संध्याकाळी जात नाही. उलट 'देवळापाशी संध्याकाळी गर्दी असायची' हे अगदी स्वाभाविक आहे, कारण ती स्थिती पुनःपुन्हा येणारी आहे. म्हणजे मराठीत अखंड स्थितीला 'होता' आणि आवर्ती स्थितीला 'असे, असायचा' अशी वाटणी आहे. इंग्रजीत दोन्हींना 'यूस्ट टू बी' चालते. ही वाटणी अलीकडे ढासळू लागली आहे. 'या कोपऱ्यावर पूर्वी एक चित्रपटगृह असायचे' अशी वाक्ये शहरी तरुणांच्या बोलण्यात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कानांवर येतात, डोळ्यांपुढे येतात. त्यांचा उगम इंग्रजी 'देअर यूस्ट टू बी' याच्या अनुकरणात असावा असे मला वाटते. ही केवळ शुद्धाशुद्धतेची तक्रार नाही. पिंपळ आणि गर्दी यांच्या असण्यात मराठी जो फरक पाहते तो पुसला गेला, तर भाषेची एक दृष्टीच जाईल.

उलट दिशेची अडचण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत दिसते. 'आय यूस्ट टू गेट अप ॲट फाइव्ह' असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी बहुधा आजही पाचला उठत असतो. भारतीय इंग्रजीतील हा प्रयोग सर्वपरिचित आहे. त्याचे कारण 'रीती' या पारिभाषिक शब्दात आहे, असे म्हणण्यास जागा आहे. 'यूस्ट टू' म्हणजे रीती, एवढेच शिकविले जाते. ती रीत मोडलेली असते, हे सांगायचे राहते. ज्या वर्तमानकाळी रूपाला इंग्रजांनी तिलांजली दिली, त्याची उणीव आपला विद्यार्थी नकळत भरून काढीत असतो.

आता अव्ययांकडे वळू. 'स्टिल', 'ऑलरेडी', 'नॉट येट' आणि 'नो लाँगर' ही इंग्रजीतील चौकडी आहे. जर्मनमधील अशा शब्दांचे विश्लेषण करताना सेबास्टियान ल्योब्नर यांनी १९८९ मध्ये दाखविले की, हे शब्द सुटे नसून एकमेकांचे नकार आहेत : 'स्टिल'चा नकार 'नो लाँगर', 'ऑलरेडी'चा नकार 'नॉट येट'. प्रत्येक शब्द एका अवस्थेकडून दुसऱ्या अवस्थेकडे जाणारी रेषा गृहीत धरतो आणि वक्ता त्या रेषेवर कोठे उभा आहे हे सांगतो. मराठीत 'अजून' हा एकच शब्द यातील दोन घरे सांभाळतो. 'अजून आहे', 'अजून आला नाही'. शिवाय 'अजून एक दे' हे तिसरे घर आहेच. होकार असेल तर 'अजून' मागच्या स्थितीचे टिकणे सांगते, नकार असेल तर पुढच्या स्थितीचे न येणे. संदिग्धता क्वचितच होते, कारण क्रियापद तिचा निकाल लावते.

'नो लाँगर' याला मात्र मराठीत एक अव्यय नाही. त्याचे काम 'आता... नाही' ही जोडी करते. आणि जेथे अर्थ गडद करावयाचा असेल तेथे आपण क्रियापदाकडे जातो. 'तो पूर्वीचा राहिला नाही.' 'त्या घरात जिव्हाळा उरला नाही.' राहणे आणि उरणे यांतही भेद आहे. राहणे हे स्थितीच्या टिकण्याचे क्रियापद. उरणे हे साठ्याचे, खर्च होता होता शिल्लक राहण्याचे. 'ती मैत्री राहिली नाही' म्हणजे तुटली. 'ती मैत्री उरली नाही' म्हणजे झिजून संपली. इंग्रजी अव्ययाला हा भेद करता येत नाही. म्हणून भाषांतरित बातम्यांत 'नो लाँगर'साठी 'यापुढे... नाही' असे घातलेले दिसते तेव्हा खेद होतो. 'ते यापुढे अध्यक्ष नाहीत' हे वाक्य भविष्याकडे पाहते, मूळ वाक्य मागे पाहत होते. 'ते आता अध्यक्ष नाहीत' हे साधे उत्तर हाताशी असताना ही आडवाट कशाला?

विशेषणांचा प्रश्न थोडक्यात आटोपता येईल. इंग्रजीत 'फॉर्मर' आणि 'लेट' हे शब्द पद किंवा नाते संपले की माणूस संपला हे वेगळे सांगतात. मराठीत 'माजी' आणि 'कै.' तेच करतात. 'माजी' हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे आला असून उर्दू व्याकरणात भूतकाळालाच तो नाव म्हणून लावतात. 'पूर्वाश्रमीच्या' हा शब्द मूळचा संन्याशाचा. आज तो विवाहित स्त्रीच्या माहेरच्या नावाआधी येतो. लग्नाला संन्यासाच्या पंक्तीला बसविणारी ही योजना कोणाला सुचली असेल कोण जाणे.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मुद्दा पूर्णकाळांचा आहे. तीन वाक्ये घेऊ. 'माझी किल्ली हरवली.' 'माझी किल्ली हरवली आहे.' 'माझी किल्ली हरवली होती.' दुसऱ्या वाक्यात किल्ली अजून सापडलेली नाही. तिसरे वाक्य ऐकणारा मात्र 'बरे झाले, सापडली' असे समजतो. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याला पूर्ण वर्तमानकाळ आहे, 'आय हॅव लॉस्ट'. हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या त्रिबिंदू योजनेत त्याचे वैशिष्ट्य असे की, घटना मागे असली तरी ती जेथून पाहिली जाते तो बिंदू वक्त्याच्या 'आता'शी जुळलेला असतो. तिसऱ्या वाक्याला मात्र इंग्रजीत नेमके रूप नाही. 'आय हॅड लॉस्ट' म्हणावे, तर इंग्रजी पूर्ण भूतकाळाला दुसरा एखादा भूतकालीन क्षण लागतो. 'कोणत्या प्रसंगाच्या आधी?' असा प्रश्न तो उभा करतो. 'आय लॉस्ट' म्हणावे, तर सापडल्याची सूचना फिकी होते.

व्लादिमिर प्लुंगियान आणि योहान फान डर आउवेरा यांनी २००६ मध्ये जगातील अनेक भाषांचा धांडोळा घेऊन 'खंडित भूतकाळ' अशी कोटी प्रस्थापित केली. भूतकाळात होते आणि आता नाही, किंवा ज्याचा आताशी काही संबंध उरलेला नाही, असे व्याकरणाच्या चिन्हानेच सांगणारी ही रूपे. मराठीचे 'होता'युक्त पूर्णरूप या कोटीत बसते, असे प्रतिपादन करता येईल. 'काल कोण आले होते?' या प्रश्नात पाहुणा परत गेला हे गृहीत आहे. तो घरातच असता तर 'कोण आले आहे?' असे विचारले असते. 'मी पुण्याला गेलो होतो' म्हणणारा परत आलेला असतो. इंग्रजीत 'गॉन' आणि 'बीन' यांच्या अदलाबदलीने हाच भेद साधतात, पण तो जाण्याच्या क्रियेपुरता. मराठीत दार उघडणे, दिवा लावणे, रुसणे, ताप येणे अशा उलटविता येणाऱ्या कोणत्याही घटनेला हे रूप लावता येते.

येथे एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. 'आजोबा १९७२ साली वारले होते' या वाक्यात परिणाम उलटलेला नाही, उलटणे शक्यच नाही. तेथे 'होते' फक्त अंतर दाखविते. घटनेला तिच्या स्वतःच्या काळचौकटीत बंद करून ठेवते. म्हणजे परिणाम रद्द होणे हा या रूपाचा मूळ अर्थ नसून तुटलेपण हा मूळ अर्थ आहे. घटना उलटविता येणारी असेल तर तुटलेपणातून 'रद्द झाले' हा अर्थ निघतो. नसेल तर 'दूर गेले' एवढाच. शिवाय भूतकाळी कथनात हेच रूप इंग्रजीप्रमाणे 'त्याआधी घडलेले' या अर्थानेही येते. एका रूपाने तीन कामे करावयाची, आणि कोणते काम चालू आहे ते संदर्भाने ठरवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्यांतील 'आय हॅड गॉन टू पूना यस्टरडे' या वाक्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. इंग्रजीचा शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो, आणि इंग्रजीच्या नियमाने ती योग्यच आहे. पण विद्यार्थी गोंधळलेला नसतो. 'गेलो, आणि परत आलो' हा मराठीने त्याला शिकविलेला भेद तो इंग्रजीत नेऊ पाहत असतो. त्या भाषेत त्या भेदासाठी ती जागा नसते, इतकेच. मराठीच्या अध्यापकाने हे समजावून दिले, तर इंग्रजीच्या अध्यापकाचे काम निम्म्याने हलके होईल.

भाषांतरकाराला हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' किंवा रमाबाई रानडे यांचे १९१० मधील 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' यांसारखी पुस्तके घ्या. रमाबाई लिहितात तेव्हा न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षे होत आलेली आहेत. दिवंगत पतीच्या नित्यक्रमाविषयी इंग्रजीत एकामागून एक 'यूस्ट टू' घातले, तर वाक्यावाक्याला दार लागल्याचा आवाज येत राहतो. आणि ती सवय माणसाबरोबर गेली की माणसाने हयातीतच सोडली, हे त्या रूपावरून कळत नाही. सगळीकडे साधा भूतकाळ घातला तर रीतीचा संथपणा हरवतो. पहिल्या वाक्यात एकदा तोडून मग 'वुड'वर विसंबणे, हा इंग्रजी गद्याचा परिपाठ येथे उपयोगी पडावा.

सर्वांत कठीण जागा मात्र मराठीच्या '-ईनासा' या रूपाची आहे. 'मुले त्या वाड्यात खेळायला येईनाशी झाली.' पूर्वी येत होती आणि आता येत नाहीत, ही दोन्ही टोके या वाक्यात आहेतच. पण वाक्य उभे आहे ते त्यांच्या मधल्या वळणावर. 'नो लाँगर केम' म्हटले तर फक्त पलीकडची स्थिती मिळते, वळण जाते. 'स्टॉप्ड कमिंग' म्हटले तर वळण मिळते, पण मुलांनी ठरवून येणे बंद केले असे वाटू लागते. मराठीत तो ठराव कोठेच नाही. 'ग्रॅज्युअली' जोडावे तर मूळात न सांगितलेली गती सांगितली जाते. त्यातच हे रूप प्रत्येक क्रियापदाबरोबर रंग बदलते. 'गलबत दिसेनासे झाले' यात कोणाचीच इच्छा गुंतलेली नाही. 'तो माझ्याशी बोलेनासा झाला' यात रुसवा आहे. 'हात हलेनासा झाला' यात असमर्थता आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी दृष्टीआड जाण्याचे क्रियापद शोधावे लागते, दुसऱ्यासाठी बोलणे थांबविण्याचे आणि तिसऱ्यासाठी 'कुड नो लाँगर' या जोडीचा आश्रय घ्यावा लागतो. मराठीत एकच प्रत्यय तिन्ही ठिकाणी पुरतो, आणि इच्छा, नियती की दुबळेपणा हे क्रियापदाच्या कर्त्यावर सोडून देतो. मुले वाड्यात का येईनाशी झाली हे लेखकाने सांगितलेले नसेल, तर ते न सांगता इंग्रजी वाक्य पुरे करणे, ही भाषांतरकारापुढची अडचण आहे.